चिपळूणच्या पावसाला पुरून उरणारं दार : आमची वाटचाल

आमचे बाबा सुतार. फणस, आईन, किंजळ आणि गिऱ्हाइकाला परवडलं तर सागवान, याच लाकडांत त्यांची हयात गेली. चिपळुणात भरीव लाकडाचं दार केलं की ते श्रावणात फुगायचं, चौकटीत अडकायचं. मग सुताराला बोलावून कड रंधून घ्यायची. तेच दार शिमग्यापर्यंत आकसायचं आणि फटीतून उजेड दिसायचा. लोक म्हणायचे, लाकूड आहे, चालायचंच. मला ते कधी पटलं नाही.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, फुगतं ते रुंदीत. म्हणून फ्लश दारात, म्हणजे थर चिकटवून केलेल्या सपाट दारात, गाभ्याला अरुंद पट्ट्या बसवतात, त्यांवर दोन्ही अंगांनी आडव्या रेषांचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि त्यावर पुन्हा उभ्या रेषांचं. एक थर हलू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. मी बाबांना अशा दाराचा कापलेला तुकडा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून कडेकडून नीट न्याहाळला आणि म्हणाले, "गाभ्यात काय भरतोस, त्यावर आहे सगळं." त्यानंतर कर्ज काढून थर दाबून चिकटवणारा प्रेस घेतला.

गाभ्याच्या पट्ट्यांतला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास उतरल्याशिवाय आम्ही त्या प्रेसला लावत नाही. पावसाळ्यात यापायी ऑर्डर लांबते, गिऱ्हाईक चिडतं, तरी नाही. गोंद फिनॉल फॉर्मल्डिहाइडचाच. युरियाचा गोंद स्वस्त असतो, कोरड्यात चांगला धरतो, पण पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंही हबकली. आमच्या मोटरी, व्हिनियरचे गठ्ठे, सगळं गाळात गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही आधी दिलेली दारं बघत घरोघर फिरलो. आजूबाजूला स्वस्त दारांचे थर भिजलेल्या वहीसारखे सुटलेले दिसत होते. आमची बहुतेक दारं चिखल धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा लागली. जिथे पाणी आत गेलं होतं, तिथे ते दोनच वाटांनी शिरलेलं: खालची कड आणि कुलपासाठी कोरलेली खाच.

तेव्हापासून सहाही बाजू सील केल्याशिवाय दार बाहेर पडत नाही. बसवताना मिस्त्री खालून थोडं रंधतोच, म्हणून दारासोबत सीलरचं छोटं डबडं देतो आणि रंधलेली कड, कुलपाची खाच त्याच दिवशी भरून घ्या म्हणून बजावतो. शक्य असेल तिथे आमचाच माणूस जातो.

पुरानंतर घर सावरणाऱ्या एका काकींनी सगळी दारं आमच्याकडून घेतली आणि विचारलं, "मोरीचंही हेच लावू ना रे?" मी नको म्हटलं. जिथे रोज पाणी उडतं तिथे डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार बरं. ते आम्ही बनवत नाही, पण कुठे चांगलं मिळेल ते सांगतो. चौकटी मात्र अजून किंजळीच्या, आणि त्यांचे सांधे बाबा स्वतः तपासतात.