नवतप्यातले दहा सूर्य

जगभरातल्या पुराणकथा वाचायच्या तर नागपुरात वाचाव्यात, मे महिन्यात वाचाव्यात आणि भर दुपारी वाचाव्यात, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईच्या हवेत त्या नुसत्या गोष्टी वाटतात. इथे पारा 45 च्या पुढे सरकला की त्या आजच्या पेपरातल्या बातम्या होतात. सूर्य ही देवता आहे, हे नागपूरकराला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ती कोणत्या स्वभावाची देवता आहे, एवढाच प्रश्न उरतो.

25 मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा, म्हणजे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस, लागतो. बारा वाजले की शहर आपापल्या घरात शिरतं. रस्त्यावर दिसतात ते तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले, सिग्नलवर टांगलेल्या हिरव्या जाळीखाली स्कूटर दामटून उभे राहिलेले नाइलाजाचे लोक. बाकी सगळे कूलरसमोर. वाळ्याचा ओला वास, मोटरची घरघर, उशाशी पन्ह्याचा ग्लास आणि हातात सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेला एखादा जाडजूड पुराणकथांचा कोश. त्यातल्या पहिल्या पानावर कुण्या अनोळखी माणसाने पेनने लिहिलेलं नाव असतं, मधली चारदोन पानं गायब असतात, पण सूची मात्र शाबूत असते. मी अशी पुस्तकं देशांप्रमाणे वाचत नाही. सूचीत ‘सूर्य’ शोधते आणि तिथून निघते.

पहिला मुक्काम नेहमी चीन. तिथल्या जुन्या कथेत सूर्य एक नव्हता, दहा होते. पूर्वेच्या टोकाला फुसांग नावाचं प्रचंड झाड, त्याच्यावर ही दहा भावंडं राहायची आणि त्यांची आई रोज एकाला पाळीपाळीने आकाशात फिरवून आणायची. प्राचीन चीनमध्ये आठवडाही दहा दिवसांचा होता, म्हणजे प्रत्येक वाराला आपापला सूर्य. चांगली व्यवस्था होती. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात दहा पोरं असलेल्या कोणत्याही बाईला पुढे काय झालं ते सांगावं लागणार नाही. एके दिवशी दहाच्या दहा एकदम बाहेर पडली. पिकं करपली, माणसं होरपळली. तेव्हा होउ यी नावाच्या धनुर्धराने बाण लावला आणि एकेक करत नऊ सूर्य पाडले. सूर्यात तीन पायांचा कावळा असतो म्हणे. त्यामुळे दर बाणाला वरून काळी पिसं पडत. एका पाठभेदात कुणीतरी सावध होऊन होउ यीच्या भात्यातला दहावा बाण हळूच काढून घेतो, नाहीतर त्या भरात त्याने शेवटचाही पाडला असता. नवतप्याच्या शेवटाशेवटाला ही गोष्ट वाचली की तो बाण काढून घेणाऱ्या शहाण्याचाच राग येतो.

पॉलिनेशियातला माउई याच्या अगदी उलट. हवाई बेटांवरच्या कथेत त्याची आई हिना झाडाच्या सालीपासून कापड करते, पण सूर्य इतका घाईत निघून जातो की कापड वाळतच नाही. मग माउई हालेआकाला या तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखीवर दबा धरून बसतो, दोराच्या फासात सूर्याचे किरणांचे पाय अडकवतो आणि त्याच्याशी सौदा करतो, की वर्षातले अर्धे दिवस तरी सावकाश चाल. न्यूझीलंडच्या माओरी कथेत तो सौद्याच्या भानगडीत पडत नाही. तिथे तो पूर्वज आजीच्या जबड्याच्या हाडाने सूर्याला असा बडवतो, की तो बिचारा लंगडतच चालायला लागतो. ही गोष्ट मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली. त्या गच्चीवर पापड टाकून नुकत्याच खाली आल्या होत्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, “दोर कायले पायजे त्याले? मायले म्हणा, आमच्या गच्चीवर आणून टाक. दुसरी साडी पिळेपर्यंत पयली वाळून जाते!”

अशा पुस्तकांच्या प्रस्तावना साधारण एका सुरातल्या असतात. सगळ्या मानवजातीचं मन एकच, सगळीकडच्या कथा आतून एकसारख्याच, वगैरे. मला हे वाक्य वाचलं की जांभई येते. एकसारखंच असेल तर दुसरं पुस्तक विकत कशाला घ्यायचं? मजा आहे ती फरकात. कापड वाळत नाही म्हणून सूर्याला थांबवणारी माणसं वेगळी आणि पीक जळतं म्हणून त्याला बाण मारणारी वेगळी. आकाशातला ऐवज तोच, पण एकाची तक्रार आहे की हा थांबत नाही आणि दुसऱ्याची की हा जात नाही. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते ठाऊक असलं म्हणजे झालं.

सगळ्यात मोठा धक्का मला आइसलँडने दिला. तेराव्या शतकात, साधारण 1220 च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसन याने तिथल्या जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. त्यात सूर्य ही बाई आहे, सोल तिचं नाव. एक लांडगा सतत तिच्या मागे लागलेला, म्हणून ती धावत असते. आणि तिचा रथ ओढणाऱ्या दोन घोड्यांना उष्मा होऊ नये म्हणून देवांनी त्यांच्या खांद्यांखाली गार वारा घालणारे भाते बसवलेले आहेत. भाते! म्हणजे कूलरच की. जिथे उन्हाचं चार दिवस कौतुक करायचं, त्या देशात सूर्याच्या घोड्यांना कूलर आणि आमच्या सूर्याच्या सात घोड्यांना साधा पाण्याचा शिपकाराही नाही. शिवाय त्यांच्या जुन्या काव्यात सूर्यासमोर स्वालिन नावाची एक ढाल उभी आहे. ती पडली तर डोंगर आणि समुद्र जळून जातील.

ढालीवरून मात्र मला आपला अरुण आठवतो. महाभारताच्या आदिपर्वात सूर्य एकदा खराखुरा रुसतो. राहू मला गिळतो तेव्हा तुमच्यापैकी कोणी मदतीला येत नाही, मग मीही आता सगळं जाळूनच टाकतो, असं त्याचं म्हणणं. (घराघरात एक असा काका असतो.) देव घाबरून ब्रह्मदेवाकडे जातात आणि तोड निघते ती अरुणाची. विनतेने घाईघाईने अंडं फोडलं म्हणून अर्धवट शरीराने जन्मलेला, मांड्याच नसलेला हा मुलगा. त्याला सूर्याच्या रथावर पुढे बसवतात, म्हणजे ते तेज आधी तो झेलेल आणि मग उरलेलं आपल्यापर्यंत येईल. तिकडे ढाल आहे, इथे पोरगं आहे. एकच कल्पना म्हणून दोन्ही एका रकान्यात टाकणाऱ्या कोशकाराला दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात वाहतूक पोलिसाच्या शेजारी उभं करावं, असं मला वाटतं.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट संज्ञेची. विश्वकर्म्याची मुलगी, सूर्याला दिलेली. स्थळ म्हणून बघितलं तर काही कमी नाही, उजेडच उजेड. मनू, यम आणि यमी ही मुलंही झाली. फक्त नवऱ्याकडे डोळे उघडून बघता येत नाही, एवढीच अडचण. शेवटी तिने आपली सावली, छाया, घरात आपल्या जागी ठेवली आणि ती निघून गेली. पुढे घोडीचं रूप घेऊन अरण्यात तप करत राहिली. सूर्याला पत्ता नाही. बायको गेली आणि तिच्या जागी तिची सावली वावरते आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. स्वतःच एवढा झगझगीत असल्यावर दुसऱ्याकडे नीट बघणार कधी? छायेलाही मुलं झाली, त्यातला एक शनी. मग ती स्वतःच्या मुलांना झुकतं माप देऊ लागली, यम चिडला, त्याने तिच्यावर पाय उगारला, तिने शाप दिला. आई मुलाला असा शाप देईल का, म्हणून सूर्याला शंका आली आणि प्रकरण बाहेर पडलं.

आता इथे नेहमीचा सासरा असता तर मुलीला समजावून परत धाडली असती. विश्वकर्मा कारागीर माणूस. त्याने मुलीला दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता जावयाला दुरुस्त केलं. हिंगण्याच्या एमआयडीसीत एखादा जॉब लेथवर चढवतात तसं सूर्याला चढवलं आणि तासून काढलं. विष्णुपुराण सांगतं की तेजाचा आठवा हिस्सा निघाला. तासताना जे पडलं त्यातून विष्णूचं चक्र झालं, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती, कुबेराचं आयुध. कारखान्यातला भुसाही वाया घालवायचा नाही, अशी शिस्त. मला त्यातला हिशेब फार पटतो, पण नागपूरच्या वतीने एक अर्ज आहे. आठवा हिस्सा काढला म्हणजे सात हिस्से तसेच ठेवले. अजून एक हात फिरवायला काय हरकत होती?

ग्रीकांचा फेथॉन याच्यापुढे मला पोरकट वाटतो. बापाने शब्द दिला म्हणून पोराने सूर्याचा रथ मागितला, घोडे आवरले नाहीत, रथ जमिनीजवळ आला, लिबियाचं वाळवंट झालं, नाईल नदीने घाबरून तोंड लपवलं आणि शेवटी झ्यूसने वीज टाकून पोराला पाडलं. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली, बाकी काय. अझ्टेकांची कथा मात्र पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. जगाला नवा सूर्य हवा म्हणून तेओतिवाकानला देवांनी आग पेटवली. उडी मारायला पुढे आला तो श्रीमंत, नटलेला तेकुसिस्तेकात्ल. चारदा पुढे गेला, चारदा कचरला. मग अंगभर फोड आलेला गरीब नानावात्सिन सरळ आगीत शिरला आणि सूर्य झाला. ते बघून लाजलेला पहिलाही मागोमाग गेला आणि तोही सूर्यासारखाच तळपायला लागला. दोघं कशाला, म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तो झाला चंद्र, आणि ससा अजून दिसतो. आपल्याही चंद्रावर ससाच आहे. बौद्धांच्या जातककथेत तो भुकेल्या पाहुण्यासाठी स्वतःच आगीत उडी घेतो आणि शक्र, म्हणजे इंद्र, कौतुकाने त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. डाग तोच, प्राणी तोच, आगही तीच. एकाकडे तो बक्षीस आहे, दुसऱ्याकडे थोबाडीत.

सूर्याच्या नादाला लागून माक्स म्युलरसारख्या पंडिताचंही जरा वाहवत गेलं. ऋग्वेदाचं संपादन करणारा हा माणूस. पण कोणत्याही देशाची कोणतीही पुराणकथा त्याच्यासमोर आली की त्यात त्याला सूर्य आणि उषा दिसू लागायची. मग 1870 मध्ये एका विद्वानाने थट्टेचा लेख लिहून, त्याचीच पद्धत वापरून, माक्स म्युलर नावाचा माणूस नाहीच, तोही एक सूर्यकथा आहे, असं सिद्ध करून दाखवलं. म्युलर ऑक्सफर्डला राहिला, भारतात कधी आला नाही. त्याचं सगळं प्रेम पहाटेच्या आणि संध्याकाळच्या सूर्यावर. मधल्या बारा ते पाचबद्दल त्याला विशेष सांगायचं नव्हतं. ते सांगायला इथे यावं लागलं असतं.

मृगाचा पाऊस आला की पुस्तकं बदलतात. रामटेक इथून पन्नासेक किलोमीटर. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं. कालिदास म्हणतो, मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचं नुसतं मिश्रण. पण कामार्त माणसाला चेतन-अचेतन यातला फरक कळत नाही, म्हणून यक्ष त्याच्याशी बोलतो. विरहाचं मला ठाऊक नाही. इथला उन्हाळा काढलेला कोणीही आषाढातल्या पहिल्या ढगाशी बोलेल. आमच्या काकू तर त्याला चहाही विचारतील.

आणि मग श्रावणात, रविवारी, आदित्य राणूबाईची कहाणी. सूर्याचं व्रत श्रावणात का ठेवलंय हे मला नागपुरातच कळलं. तो आठ-आठ दिवस दिसत नाही तेव्हाच त्याला घरी बोलवायची हिंमत होते. विड्याच्या पानावर रक्तचंदनाने त्याला काढायचं, सहा गाठींचा दोरा करायचा आणि आईने पाटावर बसून वाचायला घ्यायचं. आटपाट नगरात ब्राह्मण, त्याच्या दोन मुली, एकीचं भलं, एकीचे हाल, हे सगळं होत होत शेवटी साक्षात सूर्यनारायण जेवायला येतात. चीनच्या दहा सूर्यांत, माउईच्या फासात, लांडग्यापुढे धावणाऱ्या सोलमध्ये जे नाही ते इथे आहे. हा पाटावर बसतो, षड्रस अन्न वाढून घेतो आणि त्याला घासात केस लागतो. अरे अरे, कोण्या पापिणीचा हा केस, म्हणून तो खवळतो. जगाला जाळू शकणारा देव, पण तक्रार अगदी आमच्या आजोबांची.

या ठिकाणी आई पोथीतून मान वर करायची, आम्हा बहिणींच्या मोकळ्या केसांकडे एकदा बघायची आणि वेण्या घालून झाल्याशिवाय पुढचं वाक्य वाचायची नाही. तोपर्यंत सूर्यनारायण तिकडे पानावर थांबलेले असायचे.