जॉर्ज एव्हरेस्टचं घर, मसुरी : इथून एव्हरेस्ट दिसत नाही

आधी हे पक्कं करून घ्या. हे घर आहे त्या हाथीपाँवहून माउंट एव्हरेस्ट दिसत नाही, कुठल्याच ऋतूत नाही. तो शेकडो किलोमीटर पूर्वेला, नेपाळच्या सीमेवर आहे. तरी मसुरीच्या लायब्ररी चौकात टॅक्सीवाल्याने "ऊपर से एवरेस्ट दिखता है" म्हणून आमच्याकडून दुप्पट भाडं घेतलं, वर शेवटच्या चढासाठी वेगळे पैसे मागितले. देऊ नका. चौकापासून अंतर सहाएक किलोमीटर आहे, चालत जा.

घरापर्यंत रस्ता आहे. वाईट आहे ती त्यापुढची, माथ्यावर जाणारी पायवाट. चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र बुटाखालची सुटी खडी सटकते आणि हात टेकायला पक्का दगड सापडत नाही. सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेल्यांचा अंदाज इथेच चुकतो. चांगले सराईत लोक बसत बसत उतरताना पाहिले. माझ्या मांड्या अजून भरलेल्या आहेत. पाऊस पडून गेला असेल तर घर बघा आणि मागे फिरा. वाट कोरडी असेल आणि हवा स्वच्छ, तर बंदरपूंछचं हिमशिखर बघायला जरूर चढा.

घर बघायचं ते त्या माणसासाठी. एव्हरेस्ट हा कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यातला अधिकारी, १८०६ साली सोळाव्या वर्षी इकडे आला. १८१८ मध्ये विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, म्हणजे त्रिकोण आखून देश मोजायच्या कामात गेला आणि तोफा मागे पडल्या. जंगलातल्या तापाने असा खंगला की हवापालटासाठी त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या केपला जावं लागलं. १८२३ साली आपल्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला, तेव्हा ती सगळी मोजणी याच्या अंगावर आली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाहून नेत, सपाट मुलखात बुरूज बांधून त्याने ती हिमालयापर्यंत आणली. १८३० मध्ये तो सर्व्हेयर जनरल, म्हणजे देशाच्या मोजणीचा प्रमुख झाला, १८४३ मध्ये निवृत्त. शिखराच्या उंचीचं गणित सर्वेक्षणातले बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांचं, आणि त्यांना कामावर घेतलं ते एव्हरेस्टनेच. १८५६ मध्ये त्याच्यानंतरचा सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ याने शिखराला एव्हरेस्टचं नाव सुचवलं, तेव्हा एव्हरेस्ट स्वतः विरोधात होता. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

मसुरीतलं बाकी सगळं सोपं आहे, त्यावर लिहीत नाही. पहाटे निघा, दुपारी ढग भरतात. पाणी बाजारातूनच भरून घ्या आणि गुळगुळीत तळव्याचे बूट हॉटेलात ठेवा.