ब्रेडवर राजवाडा

आज भाच्याने ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, चक्क राजवाडा भाजला! फॉइलचे सात मजले कापून ब्रेडवर चिकटवले आणि फक्त वरची कॉइल लावली. फॉइलखाली ब्रेड पांढराच राहिला, भोवती खरपूस तपकिरी. ही मेलार्ड अभिक्रिया, म्हणजे उष्णतेने प्रथिनं आणि साखर मिळून पदार्थ तपकिरी होणं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्डने १९१२ साली मांडलेली. साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. दुधाचा हात फिरवला की रंग भराभर चढतो, पण दूध फॉइलखाली शिरलं की खिडक्या फिसकटतात. मला हे नसते उद्योग वाटत होते, तरी ओटीजीच्या काचेला नाक लावून मीच बसले होते! ब्रेडवरच्या चित्राला मोलही मिळतं बरं: २००४मध्ये मेरीमातेचा चेहरा दिसणारं चीज सँडविच ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर २८,००० डॉलरला विकलं गेलं. आमच्या राजवाड्यावर आईने सरळ रतलामी शेव भुरभुरली. "फोटो पुरे झाले रे, गार होतंय."