एईडी लावला आणि काही झालं तर केस कुणावर?

एईडी म्हणजे हृदय अचानक बंद पडून कोसळलेल्या माणसाला विजेचा शॉक देणारं मशीन, ते सोसायटीत ठेवावं का असा प्रश्न आमच्याकडे आलाय. आधी कायदा बघा. रस्त्यावर गाडीने कुणाला उडवलं, तुम्ही धावलात, त्याला उचलून दवाखान्यात नेलंत आणि त्या गडबडीत तुमच्या हातून काही चुकलं, तरी तुमच्यावर ना दिवाणी दावा ना फौजदारी. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134ए कलम आलं, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. पण तोच माणूस मॉर्निंग वॉकहून येताना सोसायटीच्या गेटवर कोसळला तर हे कलम गप्प, कारण ते फक्त मोटार अपघातापुरतं आहे.

हा विषय निघाला आमच्या मीटिंगमध्ये. काही ज्येष्ठ मंडळी स्वतःच्या खिशातून एईडी मशीन द्यायला तयार होती, सगळे माना डोलवत होते, तेवढ्यात एक काका म्हणाले, "अहो फुकट मिळालं तरी नको, उद्या कुणी गेलं तर त्याचा मुलगा येऊन चेअरमनवर केस ठोकेल." झालं, विषय पुढच्या मीटिंगवर.

मला राग आला खरा, पण काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. मशीन वापरणाऱ्याला तशी भीती कमी. पॅड छातीवर चिकटवले की ते स्वतःच हृदयाचे ठोके तपासतं, काय करायचं ते बोलून सांगतं, आणि शॉकची गरज नसेल तर तुम्ही कितीही बटण दाबा, शॉक देतच नाही. शिवाय बेशुद्ध माणसाची संमती घ्यायची कशी, त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 30 आहे, म्हणजे जुन्या आयपीसीचं 92, त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने काही केलं तर तो गुन्हा नाही. फक्त ते फौजदारीपुरतं, नुकसानभरपाईचा दावा वेगळा, आणि सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, योग्य काळजीही घ्यायला हवी.

खरा अडकतो तो मशीन आणून ठेवणारा. बॅटरी संपलेली, पॅडवरचं जेल वाळलेलं, किंवा आपल्याकडची खास पद्धत म्हणजे पेटीला कुलूप आणि चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला! शॉकला उशीर होईल तसं दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते म्हणतात, त्यात चावी कुठे शोधत बसणार?

अमेरिकेने 2000 साली यावर केंद्रीय कायदा केला, कार्डिॲक अरेस्ट सर्व्हायव्हल ॲक्ट. त्यात मशीन वापरणाऱ्याला संरक्षण आहेच, पण विकत घेऊन ठेवणाऱ्यालाही आहे, आणि ते फुकटात नाही. मशीन कुठे लावलंय हे तिथल्या आपत्कालीन सेवेला कळवायचं, त्याची देखभाल आणि तपासणी करायची, जे कर्मचारी ते वापरण्याची शक्यता आहे त्यांना ट्रेनिंग द्यायचं. यात कुचराई झाली आणि त्यामुळेच इजा झाली, तर संरक्षण गेलं. घोर निष्काळजीपणालाही माफी नाही. मला हे पटतं बुवा, नुसतं सगळ्यांना सगळं माफ केलं असतं तर मशीनं भिंतीवर धूळ खात पडली असती.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल, मी त्याच अटी उचलून ठरावाचा मसुदा केलाय. पेटीला कुलूप नाही, मशीन तयार असल्याचा हिरवा दिवा लागलाय का ते सिक्युरिटीने रोज बघून रजिस्टरमध्ये सही करायची, वॉचमन बदलला की नव्याला ट्रेनिंग, आणि पॅडची एक्सपायरी लिफ्टच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदाशेजारी नोटीस बोर्डावर. काकांना देखभाल समितीत घ्यायचं असंही त्यात टाकलंय, बघू काय म्हणतात.