बंदर आलं की मान वर

क्रूझवर माणूस नुसता बसून खातो, असं म्हणणाऱ्यांनी क्रूझ केलेली नसते. केबिनपासून बुफेपर्यंतच बरीच तंगडतोड होते. शिवाय वरच्या डेकवर फेऱ्या मारायला ट्रॅक आखलेला असतो. माझी थोरली नणंद, सांगलीची आक्का, त्या ट्रॅकवर जाम खूश होती. सांगलीकरांचं चालणं सपाटीचं. आयर्विन पुलावरून पलीकडे जायचं, कृष्णेकडे बघत परत यायचं, गुडघ्यांना कुरकुरायला जागाच नाही. आम्ही सातारकर मात्र चढ लागल्याशिवाय चाललो असं मानत नाही. अर्थात नुसतं अजिंक्यताऱ्याखालच्या चार भिंतीपर्यंत जाऊन आलेला माणूसही दिवसभर 'गडावर गेलो होतो' असंच सांगतो, ती गोष्ट वेगळी.

बोटीवर प्रत्येक बंदरासाठी सहली विकायला असतात. बसमध्ये बसा, उतरा, फोटो काढा, पुन्हा बसा. त्यांचे दर ऐकून आमच्या 'ह्यां'नी पाय हेच वाहन ठरवलं. ते एका अर्थी बरोबरच होतं, कारण इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्रावरची जुनी बंदरं मोटारी येण्याच्या कितीतरी आधीची. गल्ल्या माणसांच्या आणि जनावरांच्या मापाच्या. बंदर म्हटलं की शत्रूची धास्ती आली, म्हणून तट आला, आणि पाठीशी डोंगर असला की तट थेट डोंगरावर चढला. तेव्हा बोट लागली की मान वर करून बघायचं. तटबंदी दिसली की वाट असतेच.

मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला तर बोट लागायच्या कितीतरी आधी डेकवर यावं. वेरिगे नावाच्या चिंचोळ्या खिंडीतून बोट आत शिरते आणि दोन्हीकडचे डोंगर अंगावर येतात. आसपासचे प्रवासी फ्योर्ड, फ्योर्ड म्हणत होते. खरं तर फ्योर्ड हिमनदीने कोरलेलं असतं आणि ही समुद्रात बुडालेली नदीची दरी आहे. बामणोलीहून लाँचने गेलेल्या माणसाला हे पटकन कळतं. तिथे कोयनेची दरी धरणाने बुडवली, इथे समुद्राने.

कोटोरचा तट साडेचार किलोमीटरचा. गावामागच्या कड्यावर सॅन जिओव्हानीचा किल्ला, आणि त्याला साधारण साडेतेराशे पायऱ्या. १४२० ते १७९७ हा मुलूख व्हेनिसचा होता. आपल्या साताऱ्यात गड आधीचा, शाहू महाराजांनी गाव नंतर पायथ्याशी वसवलं. इथे गावाच्या राखणीसाठी तट वर गेला. दगड झिजून गुळगुळीत झालेत, सावली जवळपास नाही, म्हणून सकाळी लवकर निघालेलं बरं. वाटेत १५१८ सालचं एक छोटं चर्च लागतं. बरेच जण तिथूनच फोटो काढून मागे फिरतात. तेही घरी जाऊन 'किल्ला केला' म्हणत असणार!

वरून खाली पाहिलं, तर लाल कौलांच्या त्या गावाशेजारी आमची पांढरी बोट उभी होती, अख्ख्या गावाला झाकोळून टाकेल एवढी. ते काही मला बरं वाटलं नाही. एवढ्याशा गल्ल्यांत एकदम हजारो माणसं ओतायची म्हणजे गावाने राहायचं कुठे? क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने क्रूझवर मर्यादा घातली ती उगीच नाही.

एक भान मात्र ठेवावं लागतं. बोटीच्या सहलीला गेलेल्यांसाठी बोट थांबते, स्वतःहून भटकणाऱ्यांसाठी नाही. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवायचं आणि वेळेआधी चांगलं तासभर परतायचं.

आम्ही घामाघूम होऊन उतरलो, तर आक्का आमच्याआधीच परतलेली. कुणालाही न विचारता ती पाण्याच्या कडेकडेने दोब्रोटाकडे गेली होती. सपाट, अरुंद रस्ता. एका बाजूला जुन्या दर्यावर्दी कप्तानांचे दगडी वाडे, दुसऱ्या बाजूला पाणी. "तिथल्या म्हाताऱ्या भरदुपारी धक्क्यावरून पाण्यात उतरून पोहत होत्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय पाहिलंत? पायऱ्या." ह्यांना उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मी स्वतःच चढाचा हट्ट सोडला. धक्क्यापासून कड्यावरच्या फिरा गावापर्यंतच्या पायऱ्यांवरून खेचरांची ये-जा, पाय ठेवीन तिथे लीद. केबल कारची रांग धरावी आणि वर गेल्यावर कड्याच्या धारेने फिरोस्तेफानी, इमेरोविग्लीकडे चालावं. ज्वालामुखीच्या तोंडाशी गाव वसवल्याचं सगळ्यांना केवढं कौतुक! आमचा आख्खा जिल्हा लाव्हारसावर बसलाय, पण यवतेश्वरचा घाट चढताना कुणाच्या मनात तरी येतं का ते?

ग्रीसच्याच कॉर्फू बेटावर व्हेनिसकरांचे दोन किल्ले आहेत, एक जुना आणि एक नवा. आदल्या रात्री जेवताना ह्यांनी नकाशा उघडला. आक्काने भाताचा घास संपवला आणि म्हणाली, "एक तुझा, एक तुझ्या नवऱ्याचा. मी खालून समुद्राकडेनं जाते. जेवायला भेटूच."