ग्रानाडा: नुसतं 'अल्हाम्ब्रा दर्शन' वाचून पैसे भरू नका

अल्हाम्ब्रा म्हणजे ग्रानाडा शहराच्या टेकडीवरचं मुस्लिम सुलतानांचं किल्ला-महालांचं संकुल आणि नासरी महाल हे त्यातले सुलतानांचे राजवाडे. स्पेनच्या ग्रुप टूरला निघाला असाल तर पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना एकच विचारा: नासरी महालात शिरायची आमची वेळ किती वाजताची? तिथे ठरलेल्या वेळीच आत सोडतात; ती वेळ सांगता आली नाही, तर ते तिकीट पॅकेजमध्ये नाही असं पक्कं समजा.

आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत 'अल्हाम्ब्रा दर्शन' होतं. हातात पडलं ते बागांचं तिकीट. त्यात हेनेरालिफेच्या बागा, पार्तालचं तळं आणि अल्काझाबा किल्ला येतो, नासरी महाल येत नाहीत. आणि माणसं जगभरातून येतात ती त्या महालांसाठी! दारावर तिकिटं स्कॅन झाली आणि आख्खा ग्रुप रांगेतून बाहेर. सत्तरीच्या एक काकू भर उन्हात कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग एवढ्या लांब आणलंत कशाला?" त्यावर टूर मॅनेजरचं उत्तर काय, तर उद्या ऐच्छिक सहल आहे, माणशी 65 युरो. अधिकृत खिडकीवर पूर्ण तिकीट विसेक युरोंना मिळतं. याला मी सरळ लूट म्हणते.

आम्ही दोघांनी पैसे दिले नाहीत. अल्हाम्ब्रातच नंतरच्या स्पॅनिश राजाचा, पाचव्या चार्ल्सचा महाल आहे; त्यात शिरायला तिकीट लागत नाही. तिथल्या गोल चौकात सावलीला बसून अधिकृत संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. कुणीतरी रद्द केलेली, नासरी महालांच्या रात्रीच्या फेरीची दोन तिकिटं मिळाली. त्या रात्रीसाठी मी पुन्हा स्पेनला जाईन! सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचं पात्र, भोवती सडसडीत खांबांची दाटी आणि वर गिलाव्यात कोरलेली जाळी. चौदाव्या शतकात सुलतान पाचव्या मुहम्मदाने हे उभारलं. एवढ्या टेकडीवर पाणी आलं कसं, तर दारो नदी वरच्या अंगाला अडवून, पाट काढून, निव्वळ उतारावर. 1492 साली शेवटचा सुलतान बोआब्दिलने हे सगळं ख्रिस्ती राणी इसाबेला आणि राजा फर्नांदोच्या हवाली केलं. त्या दोघांच्या कबरी खाली गावात, कॅथेड्रलला लागून असलेल्या राजचॅपेलमध्ये आहेत.

आता कामाचं. तिकिटावर नाव असतं, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ हवा. ग्रुपची बस वर हेनेरालिफेच्या बाजूला सोडते; तिथून नासरी महाल चांगली पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. वेळ चुकली की प्रवेश गेला, विनवण्या चालत नाहीत. गावातून स्वतंत्र येणार असाल तर गोमेरेस रस्त्याचा चढ गुडघे काढतो. चढताना सी-30 किंवा सी-32 ही छोटी बस घ्या, उतरताना चाला. उन्हाळ्यात दुपारी बागांचा बेत ठेवूच नका.

कॅथेड्रलपाशी बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबतात, हात बघतात आणि मग पैशांसाठी मागे लागतात. मुठी उघडू नका, चालत राहा.



ग्रानाडात पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी फुकट येते. शाकाहारी मंडळींनी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, ट्यूना हमखास येतो. मासा नको, हॅम नको, असं एकेक नाव घेऊन सांगा, आणि बशी आल्यावरही आधी बघून घ्या.