श्रीमंती लीपमध्ये येते

मी मालिकांवर लिहिते म्हटलं की लोक हमखास विचारतात, 'यातल्या गरिबांची घरं एवढी ऐसपैस कशी हो?' तुम्हीही तेच विचारलंत. याचं उत्तर सोपं आहे. रोज एपिसोड द्यायचा, तर कॅमेरे, लाइट आणि एका फ्रेममध्ये आठ-दहा नातेवाईक मावतील एवढी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ते होत नाही. मग भिंतीचा रंग उडवायचा, कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक ठेवायची, की झालं गरीब घर. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

माझा राग आहे लीपवर, म्हणजे कथेने एकदम काही वर्षं पुढे मारलेल्या उडीवर. नायिकेला घराबाहेर काढतात, ती भर पावसात चालत सुटते आणि पडद्यावर पाटी येते: 'पाच वर्षांनंतर'. पाटी पुसली जाते तोवर बाई कंपनीच्या मालकीण झालेल्या असतात. भांडवल कुठून आलं? पहिलं गिऱ्हाईक कोण? उधारी कुणी बुडवली? मूल कुणाच्या भरवशावर टाकून ती कामाला जायची? सासूचे डोळे वटारणं तीन अँगलमधून तीनदा दाखवणाऱ्यांना एवढ्यासाठी मात्र वेळ नसतो. लीप नसेल तर श्रीमंत घरातला मुलगा असतोच. थोडक्यात, माणूस वर जातो तो पाटीने, नाहीतर लग्नाने.

मधली वर्षं दाखवली तर प्रेक्षक पळतील, असं मालिकावाले सांगतात. मला ते पटत नाही. 1969 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 'सिंप्लेमेंते मारिया' ही मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण, श्रीमंत विद्यार्थ्याने फसवलेली, पदरात मूल. इथवर नेहमीचंच. पण पुढे ती लिहा-वाचायला शिकते, शिवणयंत्रावर बसते आणि शिवता शिवता नावाजलेली फॅशन डिझायनर होते. स्वप्नरंजन त्यातही भरपूर होतं, पण वर जायची शिडी पडद्यावर दिसत होती. मालिका जिथे जिथे दाखवली गेली तिथे सिंगर शिवणयंत्रांचा खप वाढला आणि घरकाम करणाऱ्या मुली शिवणाच्या, साक्षरतेच्या वर्गांत नावं घालू लागल्या.

मेक्सिकोचे मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांनी त्यावरून धडा घेतला आणि 1975 मध्ये प्रौढ साक्षरतेवर मालिका केली. त्याच वाटेने 1984 मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली: 156 भाग, बेकार लल्लू, दारुडा बसेसर राम आणि प्रत्येक भागाच्या शेवटी समजावून सांगणारे अशोक कुमार. प्रायोजक होती मॅगी. पेरूत कथेतलं यंत्र खपलं, आपल्याकडे कथेबाहेरच्या नूडल्स. आणखी एक गंमत, किंवा गंमत नव्हेच: बसेसर रामच्या सोसत राहणाऱ्या बायकोकडे, भागवंतीकडे बघून बायकांनी तसं राहू नये, असा हेतू होता. अभ्यासकांनी विचारलं तेव्हा कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटत होती.

माझी आवडती मात्र 'ओशिन'. जपानच्या एनएचके वाहिनीवर 1983-84 मध्ये आली, पंधरा-पंधरा मिनिटांचे 297 भाग, सरासरी रेटिंग 52.6 टक्के. सात वर्षांची मुलगी एक पोतं तांदळाच्या बदल्यात वर्षभर राबायला जाते. पुढे केशरचना शिकते, नवऱ्याबरोबर लहान मुलांच्या कपड्यांचा कारखाना काढते, 1923 च्या भूकंपात तो जमीनदोस्त होतो, मग दारोदार मासे विकते. प्रत्येक धंदा कसा चालतो आणि कसा बुडतो, ते आपल्यासमोर घडतं. आणि हे सगळं कळतं कुणाकडून? सुपरमार्केटची नवी शाखा उघडते त्याच दिवशी घर सोडून गेलेल्या म्हाताऱ्या ओशिनकडून. पैसा आला, पण पोरगा धंदा ज्या हावरेपणाने वाढवतोय ते तिला बघवत नाही. आपल्या मालिका बंगला आला की समाधानाने पुन्हा सासू-सुनेकडे वळतात. इथे बंगल्यापाशी प्रश्न सुरू होतो.

'मग बघायचं काय?' हा तुमचा पुढचा प्रश्न. घर कितीही मोठं असू दे. नायिकेचा पगार किती, त्यातून भाडं कुणी भरलं, महिनाअखेरीला काय उरलं, यावर पहिल्या महिन्यात निदान एक तरी संवाद होतो का, ते मी बघते. बहुतेकदा होत नाही, आणि तरीही मी दुसऱ्या महिन्यातही बघतच असते.